मेथीच्या तीन जुड्या, वीस रुपये आणि सासूबाईंचा अबोला

पत्र :
मावशी, नमस्कार. लग्नाला दीड वर्ष झालं. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, सासूबाई आमच्याजवळच असतात. मी मुंबईत वाढले, माहेरी भाजी मोबाइलवरून यायची, त्यामुळे भाव करायची सवय नाही. गेल्या बुधवारी सासूबाईंबरोबर गोदाघाटावरच्या बाजारात गेले. एका म्हाताऱ्या आजींनी मेथीची जुडी वीस रुपये सांगितली. सासूबाईंनी जुडी उलटीपालटी करून पाहिली, पंधराला मागितली, उठून पुढे गेल्या, परत आल्या आणि तीन जुड्या पंचेचाळीसला घेतल्या. मला फार लाज वाटली. मी मागे राहून आजींच्या हातात गुपचूप वीस रुपये ठेवले. सासूबाईंनी ते पाहिलं. चार दिवस झाले, त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्या स्वतः निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत, तरी असं का? गंमत म्हणजे मागच्या महिन्यात नवऱ्याने किचनच्या फर्निचरचं दोन लाख ऐंशी हजारांचं एस्टिमेट एका बैठकीत मान्य केलं, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. मी एकदाच घासाघीस केली, पैठणी घेताना. अठरा हजार सांगितलेली साडेनऊला मिळाली, पण आता वाटतं फसलेच. घासाघीस नेमकी कुठे करावी आणि कुठे करू नये?
— इंदिरानगरची एक सून

उत्तर :
आधी त्या वीस रुपयांचं बोलू, कारण अबोला त्यांच्यामुळेच आहे.

तू ते चांगल्या मनाने दिलेस, याबद्दल मला शंका नाही. पण जरा त्या आजींच्या जागी बसून पाहा. पंधराला द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. त्या "नाही परवडत" म्हणू शकल्या असत्या. बाजारात बसणाऱ्या बायका ते दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. त्यांनी "न्या" म्हणून जुड्या पिशवीत टाकल्या, म्हणजे सौदा झाला, आणि तो त्यांनी केला. त्यानंतर हातात आलेले वीस रुपये मेथीचे राहिले नाहीत, तो धर्म झाला. शेजारी बसलेल्या चार बायकांच्या देखत झाला. काहींना ते चालतं, काहींना आत कुठेतरी लागतं. तुला जास्त द्यायचे होते तर स्वतःसाठी एक जुडी घ्यायची, वीस सांगितले तर वीस द्यायचे. तो तुझा व्यवहार झाला असता आणि कुणाचा अपमानही झाला नसता.

अपमान झाला तो सासूबाईंचा. चाळीस-चाळीस वर्षं ज्यांनी एका पगारात घर चालवलं, त्या पिढीतल्या बायकांच्या हातात पैशाचा एवढाच कोपरा होता. घर कुठे घ्यायचं, कर्ज किती काढायचं हे कुणी त्यांना विचारलं नाही. भाजी, दूध, किराणा, भांडी एवढं मात्र त्यांचं. किचनच्या एस्टिमेटच्या वेळी त्या गप्प का बसल्या, त्याचं उत्तरही इथेच आहे. लाखांच्या बोलण्यात आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांनी फार पूर्वी मनाशी धरून ठेवलंय. आणि जिथे त्यांना खरंच कळतं, तिथे सुनेने भर बाजारात, न बोलता, "तुम्ही कंजूषपणा केलात" असं सांगितलं. चार दिवसांचा अबोला मला जास्त वाटत नाही.

आता मेथीकडे येऊ. तुझा खरा प्रश्न तिथेच आहे.

पंचवटीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांना अमुक रुपये. समज, त्या दिवशी शेकडा हजार रुपये निघाला. जुडी दहाला पडली. त्यावर हमाली, टेम्पोचं भाडं, पाणी मारायला आणि झाकायला गोणपाट, आणि संध्याकाळपर्यंत शंभरातल्या पंधरा-वीस जुड्या माना टाकणार हे धरून विकणारी वीस सांगते. पहिल्या साठ जुड्या वीसने गेल्या की मुद्दल आणि खर्च निघाला. मग उरलेल्या चाळीस ती पंधराला देते, दहाला देते, दिवे लागायच्या वेळी पाचालाही देते, कारण उद्या ती मेथी गाईपुढेच टाकावी लागणार. म्हणजे वीस हा भाव खोटा नव्हता आणि पंधरा हाही खोटा नव्हता. एकाच जुडीचे दिवसातले ते दोन वेगवेगळे भाव आहेत. सकाळी नऊला पंधरा मागणं आणि संध्याकाळी सहाला पंधरा मागणं यात फार फरक आहे. तुम्ही किती वाजता गेला होतात ते तू लिहिलं नाहीस, पण सासूबाईंनी पंधरा म्हटलं आणि ते मिळालं, त्यावरून उन्हं कलली असावीत असा माझा अंदाज.

आणि त्यांनी जुडी उलटीपालटी का केली, ते तुझ्या लक्षात आलं का? जुडीला वजन नसतं. एक जुडी मुठीत मावत नाही आणि तिच्या शेजारची, त्याच भावाची, दोन बोटांत येते. मुळाशी माती किती, आत पिवळं पान किती, मध्ये ओलं गवत कोंबलंय का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. माणसं भाव करतात ती मुख्यतः अशाच ठिकाणी, जिथे दोन नग सारखे नसतात आणि भाव कुठे छापलेला नसतो. साबणाच्या वडीवर कुणी भाव करत नाही, कारण शेजारच्या दुकानातलीही तशीच असते आणि किंमत वेष्टनावर लिहिलेली असते. (एवढं मात्र लक्षात ठेव की छापील एमआरपी ही वरची मर्यादा आहे. २००९ चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम तिच्यापेक्षा जास्त घेऊ देत नाहीत. कमी घ्यायला दुकानदाराला पूर्ण मोकळीक आहे. उन्हाळ्यात वर्षाचा किराणा भरताना जरूर विचार.)

क्लिफर्ड गीर्ट्झ नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू या गावच्या बाजाराचा बरीच वर्षं अभ्यास केला. १९७८ साली त्याने लिहिलं की बाजारात सगळ्यांत दुर्मिळ वस्तू असते ती माहिती : माल कसा आहे, आज भाव काय चाललाय, हा माणूस कसा आहे. घासाघीस म्हणजे ती माहिती काढून घ्यायची रीत. आणि म्हणूनच लोक रोज नवीन दुकान न शोधता एकाच विक्रेत्याला धरून राहतात आणि त्याच्याशीच भाव करत राहतात. आपल्याकडे याला बांधलेलं गिऱ्हाईक म्हणतात. सासूबाईंचं त्या घाटावर असं कुणी आहे का, बघ. बहुतेक असेल, आणि तिच्याशी त्या फारशी घासाघीस करत नसतील.

मोबाइलवर एक मेसेज फिरतो, तुलाही आला असेल : मॉलमध्ये गुपचूप पैसे देता आणि गरीब भाजीवालीशी पाच रुपयांसाठी भांडता. मला तो अर्धाच पटतो. कॉलेज रोडच्या शोरूममधल्या काउंटरवरच्या मुलाशी मी काय भाव करणार? त्याला एक रुपया कमी करायचाही अधिकार नाही. ठरलेल्या भावाची दुकानं मोठी झाली तीच मुळी या कारणाने. १८५२ च्या सुमारास पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानाने प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायला सुरुवात केली. हाताखाली शेकडो नोकर असले की प्रत्येकाला घासाघीस करायला मोकळं सोडणं मालकाला परवडत नाही. त्याआधी, सतराव्या शतकात, इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली होती. जेवढ्याला द्यायचं त्याहून जास्त सांगणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटायचं. तुझ्या मनात आहे ती लाज जवळपास त्याच जातीची आहे, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण आपण भाव करतो तो समोरच्याच्या हातात "हो" म्हणणं असतं म्हणून. भाजीवाली स्वतःच्या मालाची मालक आहे, ती हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते. एवढ्यावरून तिच्याशी भाव करणारा प्रत्येक जण निर्दयी ठरत नाही.

त्या मेसेजमधला जो अर्धा भाग मला पटतो, तो आता सांगते. पाटीत मेथीच्या सहाच जुड्या आणि थोडी कोथिंबीर घेऊन बसलेल्या, गावी परतायला सहाची एसटी गाठायची असलेल्या बाईशी भाव करू नये. तिला नाही म्हणायला सवड नसते. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याशी केलेल्या घासाघिशीत भाव ठरत नाही, नुसतं समोरच्याला दाबलं जातं.

हे सासूबाईंइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. निफाडच्या शेतकऱ्याची लेक म्हणजे लासलगावचा कांदा तिने पाहिलेला असणार. तू एकदा तो लिलाव बघायला जा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची, पिकअपची रांग लागलेली असते. व्यापारी एका वाहनापाशी येतात, ढिगात हात घालून चार कांदे वर काढतात, क्विंटलला इतके म्हणून बोली बोलतात, आणि काही मिनिटांत पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. शेतकरी शेजारी उभा असतो. पटलं नाही तर माल परत न्यायचा हक्क त्याला आहे. पण भाडं दिलेलं असतं, कांदा चाळीतून काढलेला असतो, घरी पैशाची नड असते. बहुतेक वेळा तो मान हलवतो. वडिलांना असं मान हलवताना पाहिलेली मुलगी मोठी होऊन भाजी घ्यायला बाजारात गेली की दोन गोष्टी करते : समोरचा शेतकरी आहे की माल विकत घेऊन बसलेला आहे, हे आधी ओळखते, आणि स्वतःच्या घरासाठी भाव करताना मागे हटत नाही. "मळ्यातली की मार्केटची?" असं सासूबाई विचारतात का, लक्ष ठेव. मळ्यातली असेल तर भाव करायची त्यांची तऱ्हा वेगळी असेल, असं मी पैजेवर सांगते. त्या दिवशीच्या आजी कोण होत्या हे तुला माहीत नाही. त्यांना कदाचित माहीत असेल.

आता जिथे खरी घासाघीस हवी, तिकडे जाऊ.

किचनचं एस्टिमेट. काम सुरू झालं नसेल तर अजून वेळ आहे. "कमी करा" एवढंच म्हणून काही होत नाही. तो पाच टक्के कमी करेल आणि प्लायवूड हलकं वापरेल. त्याला फोड करून माग. चौरस फुटाला दर काय, प्लाय कुठलं, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल कुठले, मजुरी वेगळी किती. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारं, आयएस ७१० शिक्का असलेलं प्लाय हवं. वरच्या कपाटांना साध्या वापराचं, आयएस ३०३ शिक्क्याचं चालतं. सगळीकडे ७१० चा दर लावला असेल तर तिथे बोलायला जागा आहे. दुसऱ्या एका सुताराकडून त्याच मापाचं एस्टिमेट आण. आणि त्या बैठकीला सासूबाईंना बसव. लाकडातलं त्यांना कळत नसेलही. पण चाळीस वर्षं ओट्याशी उभी राहिलेली बाई "हे कपाट मला नकोच" म्हणाली तर तिथेच पंधरा हजार वाचतात.

भांडी बाजारातला माझा स्वतःचा अनुभव सांगते, मला त्यातूनच अक्कल आली. आई गेल्यावर तिचा तांब्याचा बंब मी मोडीत द्यायला नेला. लहानपणी थंडीत आम्ही भावंडं त्याच्याभोवती गोवऱ्या घालायला भांडायचो. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, आतली लोखंडी जाळी, डाग आणि माती म्हणून दीड किलो वजा केलं, आणि मोडीचा भाव सांगितला. भाव चांगला वाटला. त्यातून मी पितळेची दोन पातेली घेतली, वर थोडे पैसे दिले आणि खूश होऊन निघाले. घरी जाऊन हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की मोडीचा भाव त्याने चढा दिला होता आणि नव्या भांड्यांच्या किलोमागे तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, चढवला होता. शिवाय ती जाळी मी बाहेर काढून वेगळी तोलून बघितलीच नाही. दीड किलोची जाळी मी आयुष्यात पाहिलेली नाही. मला तिथे विचारायचा संकोच वाटला, कारण आईचं भांडं विकायला आलेय आणि पैशाचं काय बोलायचं. त्या संकोचाची किंमत मी दिली. तेव्हापासून मोडीचं आणि नव्याचं मी कधीच एकत्र बोलत नाही. आधी नुसता नव्याचा किलोचा भाव विचारते, जणू जुनं काही नाहीच. तो कागदावर लिहून घेते. मग पिशवीतून जुनं काढते.

सोन्याचंही तेच. सराफ बाजारात दिवसाचा सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो, त्यावर घासाघीस करून हाती काही लागत नाही. बोलायचं ते मजुरीवर. ती कुणी टक्क्यात लावतं, कुणी ग्रॅमला रुपयात. दोन्ही दुकानांचं एका मापात आणून मग तुलना कर. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे विचार. हॉलमार्क आणि त्याबरोबरचा सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी क्रमांक (त्या दागिन्याची स्वतंत्र ओळख) दागिन्यावर असतो, बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो तपासता येतो. यात लाजायचं काही नाही. सराफही याची सवय असलेले असतात.

रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरव, बसल्यावर नाही.

पैठणीचं मात्र मला वाईट वाटतं. अठराची साडेनऊला मिळाली, म्हणजे ती अठराची कधीच नव्हती. अर्ध्यावर येणारा भाव हा घासाघीस होणार हे धरूनच सांगितलेला असतो. तू फसलीस का, ते घरीच बघता येईल. पदर उलटा कर. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. काठाजवळचा एखादा धागा काढून जाळला आणि केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, तर रेशीम खरं. यंत्रमागाची निघाली तरी ती वाईट साडी ठरत नाही, फक्त तिची किंमत वेगळी. पुढच्या वेळी येवल्याला जा आणि ज्या घरात माग चालू आहे तिथे बस. एका साडीला किती दिवस लागले हे विचार. ते ऐकल्यावर किती मागायचं हे तुझं तुलाच कळेल, आणि तू अर्धे मागणार नाहीस.

भाव करायची काही रीत असते, ती सासूबाईंकडून शीक. दुकान नुकतंच उघडलं असेल, भवानी व्हायची असेल, तर नुसता भाव विचारून निघून जाऊ नये. घ्यायचं असेल तरच विचारावं. आपण आकडा सांगितला आणि समोरच्याने तो मान्य केला, तर वस्तू घ्यावीच लागते. त्यानंतर "बघते" म्हणून निघणं हा बाजारात मोठा अनादर समजतात. मालाला नावं ठेवून भाव पाडू नये. "पाच कमी करा" हे चालतं, "हा काय माल आहे?" हे चालत नाही. आणि पैसे कमी होत नसतील तर वर चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी मागितली तरी चालते. देणाऱ्यालाही ते जड जात नाही आणि घेणाऱ्याला मन मोडल्यासारखं वाटत नाही.

अबोल्याचं काय करायचं विचारलं नाहीस, तरी सांगते. माफी मागायला बसू नकोस. घडाघडा बोलण्याने दोघींनाही अवघड होईल. आज रात्री पेपरातले बाजारभाव उघड आणि सासूबाईंना विचार, "आई, मेथी शेकडा इतकी लिहिलीय, म्हणजे जुडी कितीला पडते हो?" त्यांना उत्तर येत असेल. ते देताना त्या दोन वाक्यं जास्त बोलतील. त्यात लासलगावही येईल, त्यांचे वडीलही येतील. मध्ये बोलू नकोस, ऐक. मग जमलं तर सांग, की त्या दिवशी मला कळलं नव्हतं.

येत्या बुधवारी पाऊस नसेल तर चारच्या सुमारास घाटावर जा. भाव त्यांना करू दे, पैसे तू दे. पिशव्या दोन घे, पालेभाजीची वेगळी, नाहीतर बटाट्यांखाली मेथी चेपते आणि घरी येईपर्यंत काळी पडते.